यंत्राला शेरे कोणी शिकविले?

संगणक जात, वर्ण, बोली पाहत नाही, म्हणून तो निःपक्षपाती असतो, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. लोक परस्परांशी काय बोलतात, काय लिहितात, याचा अभ्यास आता संगणकाच्या साहाय्याने होतो. लाखो संदेश माणसाने वाचणे शक्य नाही, म्हणून ते काम यंत्राकडे जाते. पण यंत्राला आधी शिकवावे लागते.

द्वेषमूलक भाषा ओळखण्याचेच उदाहरण घेऊ. प्रथम काही हजार संदेश माणसांना वाचावयास देतात. 'आक्षेपार्ह' की 'निर्दोष', असा शेरा त्यांनी मारावयाचा. त्यावरून यंत्र आपले ठोकताळे बसविते व पुढील लाखो संदेशांवर शेरे मारीत सुटते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मार्टेन सॅप व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा यंत्रांची तपासणी केली. आफ्रिकन-अमेरिकन समाजाच्या बोलीतील ट्विटरवरील संदेश आक्षेपार्ह ठरण्याची शक्यता इतरांच्या दुपटीपर्यंत आढळली. घरातली, मैत्रीतली बोली; तिलाच शिवीगाळ समजले गेले! ज्यांच्या रक्षणासाठी यंत्र, त्यांचेच तोंड बंद. शेरा मारणाऱ्यांना संदेशाची बोली आधी सांगितली, तेव्हा मात्र आक्षेपार्ह शेऱ्यांचे प्रमाण घटले.

हा प्रश्न मराठीलाही लागू आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये २५,००० हून अधिक मराठी संदेशांचा 'महाहेट' हा संच प्रसिद्ध केला. असे काम आपल्या भाषेत झाले याचा आम्हास आनंदच आहे. परंतु जातीचे नाव शिवी म्हणून उच्चारले जाते, आणि अत्याचाराची तक्रार लिहितानाही तेच नाव लिहावे लागते. वऱ्हाडीतले रोखठोक वाक्य शहरी कानाला उद्धट वाटू शकते. म्हणून संगणक शाखेत शिकणाऱ्या आमच्या तरुण बंधुभगिनींनी कोणताही संच हाती घेताना पहिला प्रश्न विचारावा: शेरे कोणी मारले?

एमिली बेंडर व बात्या फ्रीडमन या विदुषींनी २०१८ मध्ये याविषयी एक रीत सुचविली. मजकूर कोणत्या बोलीतील, लिहिणारे कोण, शेरे मारणारे कोण, याची लेखी नोंद प्रत्येक संचासोबत द्यावी. आमच्या मते आणखी एक गोष्ट हवी. शेऱ्यांबाबत झालेले मतभेद बहुमताने पुसून न टाकता जसेच्या तसे जपावेत. पाच वाचकांत त्या समाजाचा एकच असेल, तर त्याचे मत दरवेळी चार विरुद्ध एक असे बुडू शकते, आणि संचात उरतो तो फक्त अंतिम शेरा.