जाबदार क्रमांक दोन आणि येरवडा

पुण्यात राग आला की माणसे एकमेकांना येरवड्याला पाठवतात. मनोरुग्णालयात की तुरुंगात, ते ऐकणाऱ्याने ओळखायचे. घटस्फोटाच्या भांडणात मात्र तुरुंगच, आणि तोही ‘त्या तिसऱ्या’साठी. “घटस्फोटाचं नंतर बघू, आधी त्याला आत टाका!” ऐकून ऐकून कान किटले.

तर पुन्हा एकदा सांगतो. विवाहबाह्य संबंध हा आता फौजदारी गुन्हा नाही. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेचे कलम 497 रद्द केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही, संसदीय समितीने शिफारस करूनही, ते परत आलेले नाही. आणि होते तेव्हा तरी काय होते? तक्रार करायची ती नवऱ्याने, शिक्षा व्हायची ती दुसऱ्या पुरुषाला, आणि नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही! “त्या बाईला आत टाका” म्हणणाऱ्या बायकोला या कलमाने कधीच दारात उभे केले नाही. 1985 मध्ये हे कलम वैध ठरवणारे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. 2018 मध्ये ते मोडीत काढणाऱ्या पाच जणांत त्यांचे चिरंजीव धनंजय.

मग तिसऱ्याचे काम काय? व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम 13 पाहा. अर्जात नाव घेऊन आरोप केलात, तर त्या व्यक्तीलाही सहसा पक्षकार करावे लागते. ख्रिस्ती आणि पारशी कायद्यांत तसे कलमच आहे. हा जाबदार क्रमांक दोन आरोपी नव्हे. ज्याची अब्रू चव्हाट्यावर येणार, त्याचे म्हणणे ऐकायला हवे, एवढाच हेतू. त्याला समन्स जाते, तो कैफियत देतो, उलटतपास घेतो. बेड्या कुठेच नाहीत.

नवऱ्याच्या मैत्रिणीवर छळाचे कलमही (पूर्वीचे 498-अ) लावता येत नाही. ती ‘नातेवाईक’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले. तिसऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याची ख्रिस्ती कायद्यातली तरतूद 2001 मध्ये गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये असा एक दिवाणी दावा चालू शकतो म्हटले, पण ती सुरुवात आहे, निकाल नव्हे. रंगेहाथ पकडल्याचा फोटोही लागत नाही: वैवाहिक दाव्यात शक्यतांचा कौल पुरतो, हे 1975 मध्ये पुण्याच्याच एका दाम्पत्याच्या खटल्यात ठरले. म्हणून मुलाची डीएनए चाचणी मागायची? पुण्यातूनच गेलेल्या प्रकरणात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही नाकारली. आई-बापांच्या भांडणात मुलाला पुरावा करू नका, असा त्याचा अर्थ.

एक अपवाद मात्र आहे. तिसरा लोहगावच्या हवाई तळावरचा अधिकारी असेल, तर सैन्यदलांची शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावर होऊ शकते. 2018 चा निकाल सैन्यदलांच्या कायद्यांना लागू नाही, हे जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट झाले.