एक कडू बी आणि नायजेरियातले तीन समाज

नायजेरियात पाहुणचार चहाने नाही, तर कोलाच्या कडू बीने सुरू होतो! 🌰 या बीमध्ये भरपूर कॅफीन असतं. १८८६ साली आलेल्या कोका-कोलाच्या नावातला 'कोला' हाच.

🔸 इग्बो (आग्नेय भाग): इथे तिचं नाव 'ओजी'. यजमान ताटलीत ओजी पुढे करतो, ताटली हातोहात फिरते आणि वडीलधारा पूर्वजांचं स्मरण करून आशीर्वाद मागतो. तोही इग्बो भाषेतच, कारण म्हणे कोलाला इंग्रजी कळत नाही! बीच्या चार पाकळ्या निघाल्या तर त्या एके, ओरिए, आफो, न्क्वो या चार बाजारदिवसांच्या मानतात. इग्बोंचा आठवडाच चार दिवसांचा!

🔸 योरुबा (नैर्ऋत्य भाग): इथे ती 'ओबी'. बारशाला मध, मीठ, पाणी यांच्यासोबत ती असतेच. चार पाकळ्यांची ओबी जमिनीवर टाकून, कुठली उताणी आणि कुठली पालथी पडली यावरून देवतांचा कौलही घेतात.

🔸 हौसा (उत्तर भाग): इथे 'गोरो'. गंमत म्हणजे कोरड्या उत्तरेत हे झाड वाढतच नाही. पूर्वी हौसा व्यापारी गाढवांच्या तांड्यांवर आजच्या घानातल्या जंगलपट्ट्यातून गोरो उत्तरेतल्या कानो शहरात आणत. मुस्लिमबहुल हौसा समाजात दारू वर्ज्य, त्यामुळे तरतरीसाठी गोरो. लग्न ठरलं की गोरो वाटलाच पाहिजे.

तिघांच्या भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. बी मात्र कोलाचीच.

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंची १९५८ची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी वाचली असेल, तर त्यातली कोला आठवतेय का? 👇

#नायजेरिया #लोकसंस्कृती