तारेचा एक केस

चारठाण्याला बाहेरून येणारा माणूस सहसा देवळं बघायला येतो. जिंतूर-मंठा रस्त्यावरून गावात वळलं की यादवकाळातली दगडी मंदिरं दिसतात, पायऱ्यांची पुष्करणी दिसते आणि एकटाच उभा असलेला उंच कोरीव स्तंभ. मी मात्र या गावात पहिल्यांदा थांबलो तो गाडी बंद पडली म्हणून. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. जालन्याहून परळीला निघालो होतो. जुनी 6 व्होल्टची मोटारसायकल, मागे बांधलेली पिशवी आणि खिशात बेताचे पैसे. गाडीनं दोन आचके दिले आणि इंजिन गप्प झालं. किक मारून मारून पाय भरून आला. शेवटी ढकलत नेली, तेव्हा रस्त्याकडेच्या एका टपरीवजा गॅरेजपाशी मिस्त्री टायरवर बसून चहा पीत होते.

त्यांनी सीट उचलली, बॅटरीशेजारची काचेची नळी काढून उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "फ्यूज गेलाय भाऊ. नवा नाही आपल्याकडं. परभणीवरून मागवावा लागल."

माझ्याकडे तोडगा तयार होता. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद नळीवर गुंडाळायचा. अर्धा महाराष्ट्र तेच करत असे. मिस्त्रींनी मान हलवली. "त्यो कागद कधी जळायचा न्हाई. मग वायरिंग जळंल. तार लावू, पण तारेचा एकच केस लावू."

एक केस. त्यांनी वायरचा तुकडा सोलला, आतल्या बारीक तांब्याच्या तारांमधली एक वेगळी केली आणि जळक्या फ्यूजच्या दोन्ही टोप्यांना गुंडाळून नळी जागेवर बसवली. त्याआधी दहा मिनिटं ते वायरिंग चाचपत होते. हँडलच्या मानेपाशी एक वायर घासून उघडी पडली होती, तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. फ्यूज का गेला हे आधी बघायचं, मग फ्यूज लावायचा, हा क्रम त्यांच्या हातातच होता.

त्या एका केसामागचं गणित मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात 'तेवीस-छत्तीस', 'चाळीस-छत्तीस' अशा नावानं वायर मिळते. पहिला आकडा आतल्या तारांची संख्या, दुसरा त्या प्रत्येक तारेचा गेज. 36 गेजची तार म्हणजे 0.193 मिलिमीटर जाड. विल्यम प्रीस नावाच्या ब्रिटिश तार-अभियंत्यानं 1880च्या दशकात कोणत्या जाडीची तार किती करंटला वितळते याचं सूत्र बसवलं होतं. तांब्यासाठी, मिलिमीटरमधल्या जाडीचा दीड घात काढायचा आणि 80 नं गुणायचं. आपल्या केसाचं उत्तर येतं पावणेसातच्या आसपास अँपिअर. दोन केस पिळून लावले तर ते एकमेकांना तापवतात, म्हणून दुपटीपेक्षा थोडं कमी. म्हणजे वायरच्या दुकानात जे विकायला असतं ते मोजून मापून केलेल्या फ्यूजचं भांडारच आहे, फक्त केस मोजता यायला हवेत. चंदेरी कागदाचं तसं नाही. तो किती वेढे गुंडाळलाय यावर सगळं अवलंबून, आणि गुंडाळणारा घाईत असतो.

हिशेबाचा पुरावा त्याच संध्याकाळी मिळाला. परभणी मागे टाकून गंगाखेडच्या अलीकडे रेल्वे फाटकात अडकलो. अंधार पडायला लागला होता, म्हणून दिवा लावला. इंजिन मंद चालू होतं. मिनिटभरात सगळं विझलं. 35 वॅटचा दिवा 6 व्होल्टवर जवळजवळ 6 अँपिअर खातो, वर ठिणगीसाठी कॉइलला तीन-एक लागतात. पळत्या गाडीत त्यातला बराचसा भार डायनॅमो उचलतो, पण फाटकात मंद चालणाऱ्या इंजिनचा डायनॅमो जवळजवळ झोपलेला असतो आणि सगळं ओझं बॅटरीवर, म्हणजे त्या केसावर पडतं. नऊ अँपिअरला त्यानं जीव सोडला. मिस्त्रींनी निघताना वायरचा उरलेला तुकडा खिशात कोंबून दिला होता. या वेळी दोन केस लावले आणि परळीपर्यंत काही झालं नाही.

जुगाड या शब्दाचं हल्ली फार कौतुक होतं, व्याख्यानं होतात. त्या कौतुकात चंदेरी कागद आणि तारेचा केस एकाच पंगतीला बसवले जातात, ते मला पटत नाही. फ्यूज हा गाडीतला सर्वांत दुबळा भाग असावा म्हणूनच बसवलेला असतो. बदली वस्तूनंही तेवढंच दुबळं असायला हवं. ज्याला मूळ भाग काय करतो हे ठाऊक, तोच त्याच्या जागी दुसरं काही ठेवू शकतो.

मराठवाड्यातल्या रस्त्यांवर ही विद्या वाढली ती पॉइंट आणि कंडेन्सरच्या जमान्यात. राजदूत, बुलेट, येझदी, लुना, चेतक, सगळ्यांच्या पोटात तीच जोडी. पॉइंट म्हणजे फटकन उघडणारी छोटीशी घडीव जीभ. ती उघडली की कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी मिळते. पॉइंट जळले, काजळले की गाडी कट मारते. घासायला पॉलिश पेपर नसेल तर काडेपेटीची बाजू चालते. घासून झालं की दोन तोंडांमधली फट बसवायची, बहुतेक गाड्यांना 0.4 मिलिमीटरच्या आसपास. आता जंगलात फीलर गेज कुठून आणणार? दाढीचं दुधारी पातं 0.1 मिलिमीटर जाड असतं. चार पाती एकावर एक ठेवली की माप तयार. प्लगची फट त्याहून मोठी, त्यासाठी हॅक्सॉचं पातं पुरतं, ते 0.6च्या जवळपास भरतं. प्रवाशाच्या पिशवीत दाढीचं सामान असतंच.

कंडेन्सरची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे थापा फार चालतात. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून करंट चालू राहू नये म्हणून कंडेन्सर तो लोंढा क्षणभर पोटात घेतो. तो मेला की पॉइंटवर निळा लखलखाट आणि प्लगवर काही नाही. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी सांगतोच की अमक्यानं पंख्याचा कंडेन्सर लावून गाडी घरी आणली. पॉइंटच्या कंडेन्सरची क्षमता साधारण पाव मायक्रोफॅरड. छताच्या पंख्याचा असतो अडीच मायक्रोफॅरडचा, म्हणजे दहापट. क्षमता दहापट झाली की कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यात उसळणारा दाब तिपटीनं घटतो, ठिणगी मिणमिणते. बरं, छोटं काही लावावं तर ट्यूबलाइटच्या स्टार्टरमधला कंडेन्सर पाव मायक्रोफॅरडच्या चाळिसाव्या हिश्शाएवढाही नसतो. एक फार मोठा, दुसरा फार छोटा. खरा उपाय साधा आहे. कोणत्याही जुन्या स्कूटरचा किंवा पेट्रोल मोटारीचा कंडेन्सर घ्या, बाहेरच्या बाहेर तारेनं बांधा, वायर पॉइंटला, अंग गाडीच्या लोखंडाला. दिसायला ओंगळ, चालायला अगदी मूळचा. पंख्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांपैकी कोणाचीच गाडी मी पाहिलेली नाही.

बॅटरी मेली तर काय, याला बुलेटवाल्यांकडे घरचंच उत्तर होतं. जुन्या बुलेटच्या स्विचवर 'ईएमजी' अशी एक खूण असे. किल्ली तिथे फिरवली की अल्टरनेटरचा करंट थेट कॉइलकडे जातो, बॅटरी असो वा नसो. लुना, चेतक तर मॅगनेटवरच चालत, त्यांना ठिणगीसाठी बॅटरीचं तोंड बघावं लागत नसे. बाकीच्यांचे हाल. टॉर्चचे चार सेल लावून 6 व्होल्ट होतात हे खरं, पण तीन अँपिअर उपसले की ते फार वेळ तग धरत नाहीत. गाव दोन-तीन किलोमीटरवर असेल तरच.

पावसात आणखी एक खोड. प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरला बारीक चीर पडते आणि ओल धरली की ठिणगी वाटेतच इंजिनच्या अंगावर उडून जाते. दिवसा काही दिसत नाही. रात्री दिवे बंद करून इंजिन चालू ठेवावं आणि वायरकडे बघत राहावं, निळी जीभ लपलपताना दिसते. तिथे सायकल ट्यूबचा तुकडा चढवायचा. बारीक वायरच्या जोडावर रिकाम्या रिफिलची नळी बसते.

मग काळा डबा आला. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100. दोन्हींत पॉइंट नाहीत, त्यांच्या जागी सीडीआय, म्हणजे ठिणगीचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक डबा. आतलं सगळं कडक काळ्या राळेत गाडलेलं. घासायला काही नाही, फट बसवायला काही नाही. तो सहसा मरत नाही हे कबूल करायलाच हवं, पण मेला तर दुसऱ्या तशाच गाडीचा काढून लावण्यापलीकडे मिस्त्रींच्या हाती काही उरलं नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या गाड्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला, म्हणजे दिवा विझवून बॅटरी वाचवायची सोय गेली. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले. मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि पेट्रोल उडवण्याचं काम पंप आणि संगणकाकडे गेलं. आता बॅटरी पार उतरली की किक असली तरी उपयोग कमी. ठिणगी राहू द्या, टाकीतलं पेट्रोलच इंजिनपर्यंत चढत नाही.

परवा, म्हणजे कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, पुन्हा याच रस्त्यावर होतो. बीएस-6 गाडी, बॅटरी संपलेली, धक्का मारून उपयोग शून्य. शेतातून पाठीवर पंप घेऊन आलेल्या एका पोरानं विचारलं, "काय झालं काका?" सांगितलं. त्यानं पंप खाली ठेवला आणि तळाचं झाकण उघडलं. बॅटरीच्या फवारणी पंपात 12 व्होल्टची बॅटरी असते, आठ ते बारा अँपिअर-तासांची. माझ्या गाडीची त्याच्या निम्मीही नव्हती. त्यानं माझ्याच वायरचे दोन तुकडे केले, तांबडा तांबड्याला, काळा काळ्याला. मी किल्ली फिरवली. पेट्रोलच्या पंपाची बारीक गुणगुण ऐकू आली, तेव्हा तो म्हणाला, "आता स्टार्टर दाबू नका, वायर बारीक हाय. किक मारा."

पहिल्याच किकला गाडी चालू झाली. वायरी सोडवून त्यानं झाकण लावलं, पंप पाठीवर घेतला आणि दोन तास तरी गाडी बंद करू नका असं सांगून तो पुन्हा कपाशीत शिरला.