शिवगंगेच्या काठावर

आईचं माहेर तंजावरचं. १९७८ ते १९८९ या काळात आमची मे महिन्याची सुट्टी म्हणजे पुण्याहून मद्रास आणि तिथून रात्रीच्या मीटरगेज गाडीनं आजोळ. परक्या मुलखात उतरायचं आणि मामीनं दारातच मराठीत विचारायचं, जेवलात का. सूर तमिळ, शब्द आपले.

आजोळच्या मुक्कामात एक दिवस शिवगंगा बागेचा. बृहदीश्वराच्या देवळाला लागूनच ही बाग. भोसल्यांचं राज्य १८५५ साली संपलं आणि त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी नगरपालिकेनं ती लोकांसाठी केली. तळं मात्र कितीतरी जुनं. त्याचं पाणी खापराच्या नळांतून गावातल्या अय्यनकुळम् तळ्यापर्यंत जाई, असं मामा दरवेळी सांगत. आम्हां मुलांना त्या पाण्याशी काय देणंघेणं! आमचं लक्ष झोपाळे, घसरगुंडी आणि होडीकडे. दुपारी झाडाखाली डबे उघडत: दहीभात, चिंचेचा भात आणि डांगर. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर हिंग-मोहरीची फोडणी. पुण्यात आजी करायची तेच. मामी त्याला डांगर पचडी म्हणायची, एवढाच काय तो फरक.

त्या सगळ्या वर्षांतली एक सकाळ मला अजून लख्ख दिसते. १९८३ असावं. बागेत जायच्या आधी मामांनी आम्हांला देवळात नेलं. तिथल्या भिंतीवर १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे, भोसल्यांच्या वंशाचा. सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला. मामा घरात जन्मभर मराठी बोलले, पण शाळा तमिळ. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. त्यांनी माझं बोट अक्षरांवर ठेवलं आणि म्हणाले, वाच. दगड तापायला लागला होता. मी अडखळत एकेक शब्द लावत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. नऊ वर्षांच्या मला वाटलं, ऊन लागतंय म्हणून मिटले असतील. ओळखीचा शब्द आला की ते मान हलवत. खाली बागेत भावंडं झोपाळ्यासाठी थांबली होती. एरवी मी हात सोडवून पळाले असते. त्या दिवशी नाही पळाले.

पुढे भावंडं पांगली. चेन्नई, बेंगळुरू, न्यू जर्सी. गाडीही ब्रॉडगेज झाली. मामा गेले. स्मार्ट सिटीच्या कामासाठी बाग बरीच वर्षं बंद राहिली, तेव्हा मी एकदा नुसती फाटकापर्यंत जाऊन परतले. फार वाईट वाटलं. त्या हिरवळीवर आमच्या घरातल्या तीन पिढ्या जेवल्या आहेत.

परवाच्या मुक्कामात मामीच्या फोनवर फोटो आले. मामेबहीण मुलांना घेऊन फ्लॉरिडात डिस्ने वर्ल्डला गेली होती. फोटोंखाली तिनं लांबलचक लिहिलं होतं, सगळं तमिळ लिपीत. मला एक अक्षर लागेना. तमिळ नव्हे, आपलंच आहे, मामी म्हणाली. तिनं चष्मा लावला, फोन खिडकीच्या उजेडात धरला आणि वाचायला लागली. पोरं दमली, पाय दुखतात, घरून नेलेला दहीभात दुपारीच संपला. शुद्ध मराठी. मी डोळे मिटून ऐकत बसले.