महाड नगरपालिकेचे दोन ठराव

चवदार तळ्याची हकिकत आपण सत्याग्रहापासून सांगतो. ती नगरपालिकेच्या सभागृहापासूनही सांगायला हवी. तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते आणि त्याचे पाणी कोणी भरायचे, यावर ठराव करणारे बहुतेक सभासद मते मिळवून तिथे बसलेले होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले, किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांकडे असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला धरून तळे खुले केले. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरबानाना टिपणीस सुधारक विचारांचे होते आणि पुढे सत्याग्रहाच्या पाठीशीही ते उभे राहिले. पण ठराव दप्तरातच राहिला. तीन वर्षे त्या पाण्याला कोणा अस्पृश्याचा हात लागला नाही.

तळ्याचे जे वर्णन उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे, त्यावरून हे का झाले ते समजते. चार-पाच एकरांचे तळे, भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे, थोडी मुसलमानांची. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, घाट आणि बांधीव कठडे यांपैकी बरेचसे या घरमालकांच्याच मालकीचे. कागदावर तळे सार्वजनिक, पण पायरीवर पाऊल ठेवायचे तर शेजाऱ्याची नजर चुकवता येत नसे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली गेली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. असे ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान थांबवावे, असा बोले यांचा दुसरा ठराव १९२६ मध्येच झाला होता. त्याचाही धाक वाटला नाही.

का वाटला नाही? माझ्या मते उत्तर मतदारयादीत आहे. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा जाहीरनामा काढला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांत निवडणूक रुजली. पण यादीत नाव लागायचे ते कर भरणाऱ्याचे, पदवीधराचे, वकिलाचे, मानद मॅजिस्ट्रेटचे. ज्यांना पाण्यासाठी दारोदार उभे राहावे लागे, त्यांच्यातले किती जण या अटींत बसणार? सभासदाला पुढच्या निवडणुकीत हिशेब द्यायचा होता तो तळ्याकाठच्या घरमालकाला. ठराव करताना त्याचा रोष पत्करावा लागला नाही, कारण अंमल होणार नव्हता. अंमल होताच तो पत्करायला सभागृह तयार नव्हते.

पुढची लढाई कोर्टात गेली. तळे खाजगी आहे, ‘चौधरी तळे’ आहे, असा वादींचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन रूढी सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. निवडून आलेल्यांनी काढून घेतलेला हक्क दहा वर्षांनी न्यायालयातून मिळाला.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकाराने ती यादी बदलली. नगरपालिकांतल्या अनुसूचित जातींच्या राखीव जागांना आणि दर पाच वर्षांच्या निवडणुकीला ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये घटनेचा आधार दिला. तरीही महाडसह राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची २०१६ नंतरची निवडणूक २०२५ च्या डिसेंबरमध्ये झाली. आरक्षणाचे वाद, प्रभागरचनेचे वाद, कोर्टाच्या तारखा यांत वर्षे गेली. या मधल्या काळात प्रशासक बसला. सभागृहाचे अधिकार त्याच्याकडे गेले, आणि पाण्यापासून रस्त्यापर्यंतचे ठराव एकाच अधिकाऱ्याच्या सहीने होत राहिले. त्याला मत मागायला कोणाच्याही दारात जायचे नव्हते.