ठरलेला डाव आणि खुली कुस्ती

ऊसतोड संपली की आपल्या पोरांच्या अंगात कुस्ती शिरते. मऊ माती दिसली की पैज लागते आणि दोघे एकदम भिडतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच भिडण्यात एकाचा खांदा निखळला. दोन महिने त्याला ना कुदळ धरता आली, ना म्हशीची धार काढता आली.

कामरेज पूर्वी बडोद्याच्या गायकवाडी राज्यात होते, आणि बडोद्याला तालमींची मोठी परंपरा. दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ पासून तेथूनच निघाला. तालमीत नवख्याला कोणी थेट खुल्या कुस्तीत सोडत नाही. जोर-बैठकांनी अंग तयार झाले की त्याला जोडीदार देतात. डाव आधी ठरलेला असतो. समजा, एकेरी पट. एकाने खाली वाकून समोरच्याचा एक पाय धरायचा. दुसऱ्याने तो धरू द्यायचा. हे शंभरदा झाले की दुसरा थोडा अडवू लागतो. मग तो तोड करतो, म्हणजे पाय मागे फेकून छातीचा भार वरून टाकतो. पुढे दोन डावांपैकी कोणता येणार हे सांगायचे नाही. खुली लढत त्यानंतर.

चीनमधील ताईचीतही असेच आहे. मनगटाला मनगट लावून दोघे आधी पाय न हलवता ठरल्या क्रमाने ढकलतात, मग पावले टाकीत, आणि शेवटी मोकळेपणी. समोरच्याचा भार कोणत्या पायावर गेला, हे डोळ्यांआधी हाताला कळू लागते.

का बरे एवढा खटाटोप? घाबरलेला माणूस श्वास कोंडतो, अंग ताठ करतो आणि पडताना हात टेकतो. मोडते ते मनगट किंवा खांदा. हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून पडणे हे जोडीदाराबरोबर सावकाशच शिकता येते.

एक मात्र खरे. भिडस्त जोडीदार, जो हात लागताच पडतो, तो शिकणाऱ्याला फसवतो. अडवणूक रोज थोडी वाढलीच पाहिजे, पण ती किती, हे वस्तादाने ठरवावे, बघ्यांनी नव्हे.

अंगावर गजकर्ण असेल तर बरे होईपर्यंत मातीत उतरू नये. ते जोडीदाराला लागते. आणि मानेवर पडून कोणाच्या हातापायांना मुंग्या आल्या, तर मान चोळू नका, त्याला उठवून बसवू नका. डोके आहे तसे स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा.