वीस सेकंदांचा पहारा

ज्या घरात एक बाळ झोपेतच, कसलीही चाहूल न देता गेलं, त्या घरी दुसरं बाळ आलं की आईबापांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. अशा घरांसाठी ब्रिटनमध्ये 1988 पासून ‘केअर ऑफ नेक्स्ट इन्फंट’ ही योजना चालू आहे. आज ‘ललाबाय ट्रस्ट’ नावाने ओळखली जाणारी धर्मादाय संस्था सरकारी आरोग्यसेवेच्या साथीने ती चालवते. ज्या आईबापांना हवा असेल त्यांना त्यातून श्वासाचा मॉनिटर वापरायला मिळतो. बाळाच्या पोटावर चिकटवलेला सेन्सर श्वासागणिक होणारी हालचाल टिपतो. साधारण वीस सेकंद हालचाल थांबली की अलार्म वाजतो. देणगी देणाऱ्याला वाटतं, आपण एक जीव वाचवला. माझ्या मते हा पैसा सत्कारणी लागतो, पण कारण वेगळं आहे.

जीव वाचतात याला पुरावा नाही. श्वासातला लांबलेला खंड ही मृत्यूची पूर्वसूचना आहे, हा विचार आल्फ्रेड स्टाइनश्नायडर या अमेरिकी डॉक्टरांच्या 1972 च्या निबंधामुळे रुजला. त्यात ज्यांच्यावर भर होता ती दोन भावंडं होती आणि 1995 मध्ये त्यांची आईच आपल्या पाच मुलांच्या खुनाबद्दल दोषी ठरली. पुढे 2001 मध्ये 1,079 बाळांच्या घरच्या नोंदींचा मोठा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण दिवसांच्या, ठणठणीत बाळांपैकीही 43 टक्क्यांच्या बाबतीत नेहमीची अलार्मची मर्यादा एकदा तरी ओलांडली गेली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना गंभीर खंडांचा धोका जास्त होता, पण असे अचानक मृत्यू ज्या वयात सर्वाधिक होतात, त्याच्या आधीच तो ओसरत होता. शिवाय श्वासनलिका बंद होऊन बाळ धडपडत असेल, तर पोट हलत राहतं आणि हा सेन्सर गप्प बसतो. मृत्यू खरोखर घटले ते 1991 नंतर, बाळाला पाठीवर झोपवा या एका सल्ल्याने.

मग सगळा पैसा त्या सल्ल्याच्या प्रचारावरच का खर्चू नये? हा आक्षेप वजनदार आहे. पण ज्यांनी सगळं नीट करूनही बाळ गमावलं, त्यांना पत्रक देऊन भागत नाही. या योजनेत मॉनिटर एकटा येत नाही: आरोग्यसेविकेच्या नियमित भेटी, वजनाची नोंद आणि श्वास थांबल्यास काय करायचं याचं प्रशिक्षण सोबत असतं. ते प्रशिक्षण नसेल तर अलार्म हा नुसता आवाज, आणि सेन्सर निसटूनही तो वाजतोच. दुसरा आक्षेप खोट्या भरवशाचा: यंत्र आहे म्हणून बाळाला पालथं झोपवलं तर? ही भीती खरी आहे. शिवाय 2003 मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने हे मृत्यू टाळण्यासाठी घरी मॉनिटर देऊ नये असं सांगितलं. माझ्या लेखी त्यातून धर्मादाय संस्थांवर एक कर्तव्य येतं. आवाहनात ‘जीव वाचवा’ असं लिहू नये. होरपळलेल्या आईबापांना चार तास झोप मिळावी म्हणून मदत करा, असं उघड लिहावं. आणि यंत्राइतकाच पैसा ते शिकवणाऱ्या, दारी येणाऱ्या सेविकेसाठी मागावा.